गाव नसलेला संघ

महाराष्ट्र प्रीमियर लीगचा पहिला हंगाम जून २०२३मध्ये सुरू झाला, तेव्हा सहा संघांत मराठवाड्याच्या नावाचा एकच होता: छत्रपती संभाजी किंग्ज. तुळजापूरचा वेगवान गोलंदाज राजवर्धन हंगरगेकर हा त्याचा ठळक चेहरा. संघ २०२४मध्येही खेळला. २०२५च्या सहा नावांत मात्र तो नव्हता. सातारा वॉरियर्स हे नवं नाव आलं होतं. दोन हंगामांत खेळ आटोपला. लहान शहरांना व्यावसायिक संघ झेपत नाहीत, असा सोपा निष्कर्ष यावरून निघेल, पण तो टिकत नाही. झेपायला आधी भार अंगावर यावा लागतो. सामने सगळे पुण्याजवळ गहुंजेला. लातूरहून तिथे जायचं तर सव्वातीनशेहून जास्त किलोमीटर, नांदेडहून साडेचारशेच्या आसपास. नाव मराठवाड्याचं, मैदान, तिकीटखिडकी आणि वेळापत्रक पुण्याचं. संघ गेला तेव्हा इकडे बंद करावं असं काही उघडलेलंच नव्हतं.

उलट टोकाचं उदाहरण अमेरिकेत सापडतं. बेसबॉलची पहिली व्यावसायिक लीग १८७१ची, आणि तिचा पहिला सामना ४ मे रोजी झाला तो न्यूयॉर्क-बोस्टनात नव्हे, तर अठरा हजारांच्या आत वस्ती असलेल्या फोर्ट वेन या गावी. गावच्या किकिओंगा संघाने क्लीव्हलँडला २-० असं हरवलं. लीगची प्रवेश फी अवघी दहा डॉलर होती. खरा खर्च पुढे होता. बॉल्टिमोरचा एक क्लब बुडाला होता, तिथले खेळाडू पगारावर आणलेले. दूरदूरचे प्रवास वेगळेच. गावच्या गल्ल्यावर हे भागेना, आणि ऑगस्ट सरेपर्यंत संघ मोडला. पाच वर्षांनी नॅशनल लीग निघाली, तेव्हा तिने पंचाहत्तर हजार लोकसंख्येची अटच घातली. किकिओंगा गावाला पेलवला नाही, म्हणून गेला. संभाजी किंग्ज पेलायची वेळच गावावर आली नाही. दोघांचंही आयुष्य आखूड, पण दुखणं एक नव्हे.

या दोहोंमधली वाट आपल्याकडे जुनीच आहे. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांच्या बाजाराबरोबर कुस्त्यांचा फडही रंगतो. यात्रेच्या फडात पैलवान कुठलाही चालतो. इनामासाठी तो आला, यात कुणाला कमीपणा वाटत नाही. माती मात्र गावची, आणि फडाभोवतीची गर्दीही पंचक्रोशीची. वर्षभर कुणाला पगार द्यायचा नसतो, चार दिवसांचा भार तेवढा उचलायचा असतो. म्हणजे खेळाडू बाहेरचे असल्याने संघ परका होत नाही. आखाडा बाहेरचा असला की होतो.

यावर याच लीगमधल्या रत्नागिरी जेट्सचा दाखला कुणी देईल. घरच्या मैदानावर एकही सामना न खेळता त्यांनी २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं घेतली. खरं आहे, पण त्यातून संघाची ताकद कळते, रत्नागिरीचा त्यात वाटा किती ते कळत नाही. लीगमुळे आडगावच्या पोरांना वाट मिळते, हा आक्षेप अधिक वजनदार. ज्याला कुणी पाहिलेलं नाही, त्याला टीव्हीवरचा एक सामनाही मोलाचा असतो. मात्र हंगरगेकर २०२२च्या विश्वविजेत्या एकोणीस वर्षांखालील भारतीय संघात होता आणि चेन्नईकडून आयपीएलही खेळला होता, तेव्हा ही लीग जन्मलीही नव्हती. त्याच्या नावाने लीगला मराठवाडा मिळाला, असं म्हणणं जास्त खरं. उरतो खर्चाचा आणि जूनच्या पावसाचा मुद्दा. प्रकाशझोत, प्रक्षेपण, निवास यांची सोय एका जागी स्वस्त पडते, हे मान्य. पण पाऊस गहुंजेलाही सोडत नाही. पहिलाच अंतिम सामना त्याने धुऊन नेला आणि गुणतक्त्यात वर असल्याने रत्नागिरीला विजेता ठरवावं लागलं.

सगळा हंगाम नांदेडला आणा, असं कुणी म्हणत नाही. गुरु गोविंदसिंगजी स्टेडियमवर वर्षाकाठी दोन सामने, लातूरला एखादा, एवढंच गावाच्या खांद्याला जमण्यासारखं आहे. उद्या लातूर किंवा नांदेडच्या नावाने संघाची बोली लागली, तर बोली कितीची हे मागाहून विचारावं. आधी विचारावं, नाणेफेक कुठल्या गावात होणार?