इंग्रजी आणि मराठी: ऐकीव गोष्टी, खऱ्या गोष्टी

घोडबंदर रोडच्या संकुलांत, माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत, पालकांच्या गप्पांत येणारे हे काही समज.

‘हिंदी राष्ट्रभाषा आहे.’ नाही. राज्यघटनेने कोणतीच राष्ट्रभाषा ठरवलेली नाही. कलम ३४३ नुसार हिंदी ही संघराज्याची राजभाषा.

‘मराठी छोटी भाषा.’ २०११ च्या जनगणनेत ८.३ कोटी लोकांची मातृभाषा, देशात तिसरी.

‘इंग्रजी व्याकरण मराठीहून अवघड.’ ‘कॅन’, ‘मे’, ‘मस्ट’ यांच्या बाबतीत तरी उलटच! मराठीत तो शकतो, ती शकते, ते शकतात. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘कॅन’ आणि पुढचे क्रियापद मूळ रूपात. म्हणून ‘ही कॅन गोज’ चूक, ‘ही कॅन गो’ बरोबर. ‘कुड’ही नुसता भूतकाळ नव्हे, नम्र विनंतीतही तो चालतो. मुलांना घरी अशी वाक्ये बोलू द्या, चुकली तरी.