वारणेच्या खोऱ्यातला गाण्याबजावण्याचा हंगाम

वारणेच्या खोऱ्यात गाण्याबजावण्याच्या प्रत्यक्ष कार्यक्रमांचा हंगाम दसऱ्याच्या सुमारास सुरू होतो आणि चैत्र-वैशाखातल्या जत्रा उरकेपर्यंत चालतो. यामागची कारणे हवामानात आणि शेतीत आहेत. पावसाळी दमट हवेत चामड्याची वाद्ये सैल पडतात, तारवाद्यांचा सूर टिकत नाही आणि उघड्यावर मांडव घालता येत नाही. पाऊस ओसरला की साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते, ऊसबिलाचा पैसा गावात फिरू लागतो आणि त्याच पैशातून गावोगावच्या कार्यक्रमांची बोलणी होतात. येत्या हंगामात काय ऐकावे, हा प्रश्न म्हणूनच या भागात कलावंतांच्या नावांपुरता राहत नाही. कार्यक्रमाचा खर्च कोण उचलतो आणि तो कोणासाठी उचलतो, याचाही विचार त्यात करावा लागतो.

पन्हाळा तालुक्यातील वारणानगर हे याचे बोलके उदाहरण आहे. सहकारी साखर कारखान्याभोवती उभ्या राहिलेल्या या वसाहतीत तात्यासाहेब कोरे (१९१४-१९९४) यांच्या पुढाकाराने दूध संघ, शाळा, महाविद्यालये आणि ग्राहक भांडार अशा संस्था निर्माण झाल्या आणि त्यांच्याच जोडीने वारणा बालवाद्यवृंद आकाराला आला. वाद्यवृंद म्हणजे अनेक वाद्ये एका आराखड्यानुसार एकत्र वाजवणारा संच. त्यात प्रत्येक वादकाला आपला तुकडा पाठ असावा लागतो, दुसऱ्याचे वाजवणे ऐकत थांबावे लागते आणि नेमक्या मात्रेवर पुन्हा शिरावे लागते. शेतकऱ्यांच्या व कामगारांच्या मुलांना हे शिक्षण परिसरातच मिळावे, ही कल्पना त्या काळाच्या मानाने धाडसाची होती. सहकाराने ऊस आणि दुधाचा हिशेब मांडताना गाण्याचाही खर्च आपल्या खात्यात धरला, ही गोष्ट महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासात आजवर नोंदली गेली त्याहून अधिक ठळकपणे नोंदली जायला हवी.

अशा आश्रयाला या परिसरात जुनी परंपरा आहे. छत्रपती शाहू महाराजांनी जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँ (१८५५-१९४६) यांना कोल्हापूर दरबारी ठेवले. घराणे म्हणजे गुरुशिष्य परंपरेतून घडलेली गायकीची विशिष्ट शिस्त. अल्लादियाखाँच्या शिस्तीत अनवट राग, म्हणजे क्वचित गायले जाणारे राग, आणि लयीशी घट्ट बांधलेली पेचदार तान यांना मोठे स्थान आहे. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या त्यांच्या शिष्या. अल्लादियाखाँचे पुत्र मंजीखाँ व भुर्जीखाँ यांच्याकडून मल्लिकार्जुन मन्सूर यांना तालीम मिळाली, तर कोल्हापुरात जन्मलेल्या धोंडूताई कुलकर्णी भुर्जीखाँकडे शिकल्या. दरबाराला समांतर असा नागरिकांचा आश्रयही याच शहरात उभा राहिला. १८८३ साली स्थापन झालेला गायन समाज देवल क्लब ही रसिकांनी चालवलेली संस्था आहे, आणि गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या पेटीवादक व संगीतकाराची जडणघडण तिच्या बैठकांच्या वातावरणात झाली. दरबार गेले, क्लब राहिला. राजाच्या मर्जीपेक्षा वर्गणीदारांची चिकाटी जास्त टिकाऊ ठरली, असे त्यावरून म्हणता येते.

वारणा नदी सांगलीजवळ हरिपूर येथे कृष्णेला मिळते. याच हरिपुरात ‘संगीत शारदा’चे कर्ते गोविंद बल्लाळ देवल यांचा १८५५ साली जन्म झाला, आणि तेथून जवळच असलेल्या सांगलीत विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. पलीकडे मिरजेत किराणा घराण्याचे अब्दुल करीमखाँ (१८७२-१९३७) स्थायिक झाले. ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी ते गाण्याची हजेरी लावत, त्यांची कबरही त्याच आवारात आहे, आणि त्यांच्या स्मरणार्थ तेथे दरवर्षी संगीत सभा भरते. उरुस म्हणजे पीराच्या पुण्यतिथीचा उत्सव. दर्ग्यातली ही सभा हिंदू-मुसलमान कलावंतांची समान हजेरी मानली जाते, आणि नामवंत कलावंतही तिच्याकडे सेवा म्हणून पाहतात. वारणानगरच्या श्रोत्याने वर्षातून एकच प्रवास करायचा ठरवला, तर तो मिरजेचा करावा.

मिरजेला जाण्याचे आणखी एक कारण म्हणजे तेथील तंतुवाद्यांच्या कार्यशाळा. एकोणिसाव्या शतकात शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार कारागिरांनी सतार व तंबोरे घडवण्याकडे मोर्चा वळवला, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे विशिष्ट गावाच्या कौशल्याशी जोडलेले नाव इतरत्र बनवलेल्या मालाला लावता येणार नाही, असे कायदेशीर संरक्षण मिळाले. तंबोऱ्याचा भोपळा भीमाकाठच्या पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतो, दांडीसाठी तुणीचे लाकूड वापरतात, आणि सर्वांत नाजूक काम जव्हारीचे असते. जव्हारी म्हणजे घोडीचा वरचा किंचित उतरता पृष्ठभाग. कारागीर तो कानसेने घासतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा घासतो. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक धागा सरकवला जातो आणि तो धागा केसभर पुढेमागे झाला की कोरडा वाटणारा नाद एकदम भरून येतो. मैफलीपूर्वी गायक तंबोरे लावत बसलेला असतो तेव्हा हेच काम चाललेले असते. तो वेळ गप्पांत घालवणाऱ्या श्रोत्याला पुढे गायकाचा षड्ज, म्हणजे मूळ ‘सा’, नेमका कशावर टेकला आहे हे कळत नाही.

शास्त्रीय बैठकीइतकाच जोमदार हंगाम लोकवाद्यांचा असतो. १३ डिसेंबरला तात्यासाहेब कोरे यांच्या पुण्यतिथीनिमित्त वारणानगरात कुस्त्यांचे मोठे मैदान भरते, आणि हलगीशिवाय कुस्तीचे मैदान या भागात कल्पिताच येत नाही. हलगी म्हणजे कड्यावर कातडे ताणून केलेले चपटे वाद्य; ते वाजवण्यापूर्वी जाळावर धरून तापवतात, त्यामुळे कातडे आवळते आणि आवाज टणक होतो. एका हातात जाड टिपरू आणि दुसऱ्या हातात बारीक लवचिक काडी घेऊन वादक ठेका धरतो, घुमके त्याला खालचा घुमारा देते आणि कैताळाची झांज वरून लय बांधते. कुस्ती जशी चढते तशी लय चढते. वादकाची नजर पैलवानाच्या पायावर असते, म्हणून त्याचे वाजवणे आधी ठरवून आलेले नसते. चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या जोतिबावर सासनकाठ्या नाचतात तेव्हा हीच लय उघड्या डोंगरावर ऐकायला मिळते. हे संगीत तिकिटाच्या कार्यक्रमापेक्षा कमी दर्जाचे मानण्याची सुशिक्षित समाजाची सवय चुकीची आहे, कारण लयीवरची अशी हुकमत मोठमोठ्या तालवादकांनाही हेवा वाटावा अशी असते.

जत्रांबरोबर तमाशाचा फड येतो. पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५) रेठरे हरणाक्षचे आणि काळू-बाळूंचा फड कवलापूरचा. दोन्ही गावे आजच्या सांगली जिल्ह्यातली. गावची जत्रा समिती फडाला सुपारी देते, म्हणजे आगाऊ रक्कम देऊन तारीख पक्की करते, आणि उरलेली बिदागी, म्हणजे कलावंतांचा मोबदला, कार्यक्रमानंतर चुकती होते. वर्षाची कमाई काही आठवड्यांच्या तारखांवर अवलंबून असल्याने ऐनवेळी रद्द झालेली एक जत्राही फडाला जड जाते. सुपारीची रक्कम ठरवताना घासाघीस करणाऱ्या समित्यांनी ध्वनिक्षेपकांच्या भिंतींवर सढळ हाताने खर्च करावा, हे दुःखद आहे.

ध्वनीचा प्रश्न मैफलींनाही भिडतो. ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. वर्षातले मोजके, जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, आणि बंदिस्त सभागृहाला ही मनाई लागू नाही. नियम आवश्यकच आहेत, पण त्यांचा एक परिणाम असा झाला की रात्रभर चालणारी उघड्यावरची बैठक संपली आणि मालकंस, दरबारी, ललित यांसारखे उत्तररात्रीचे व पहाटेचे राग आपापल्या वेळी ऐकण्याची संधी दुर्मीळ झाली. दिवाळी पहाटेचे कार्यक्रम निदान सकाळच्या रागांची वेळ परत आणतात, हे त्यांचे मोठे मोल आहे. रात्रीच्या रागांना मात्र बंदिस्त सभागृहावाचून पर्याय नाही.

नेमक्या याच ठिकाणी कोल्हापूरचे नुकसान झाले आहे. शाहू महाराजांनी १९१५ साली बांधून घेतलेले पॅलेस थिएटर, म्हणजे पुढचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात गायकनटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जावा अशा बेताने उभारलेले होते. ‘ललितकलादर्श’चे संस्थापक केशवराव यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ८ ऑगस्ट २०२४ रोजी, शेजारच्या खासबाग मैदानाच्या व्यासपीठासह ते आगीत जळाले. त्याच्या पुनर्बांधणीचा निर्णय झाला, आणि त्या कामात दर्शनी भागाच्या हुबेहूबपणाइतकीच जुन्या वास्तूच्या श्रवणगुणांची काळजी घेतली जाणे अत्यावश्यक आहे, कारण श्रोते तेथे भिंती पाहायला येत नव्हते.

दरबार, क्लब, दर्गा, कारखाना आणि जत्रा समिती यांनी आपापल्या काळी जो भार उचलला, तो आता पुष्कळ अंशी श्रोत्याकडे आला आहे. बहुतेक कार्यक्रम फुकट असावेत अशी अपेक्षा ठेवून कलावंत टिकत नाही, आणि प्रायोजकाच्या सत्कारांत तासभर गेला तर गायकाला विलंबित ख्याल मांडायला वेळ उरत नाही. विलंबित ख्याल म्हणजे संथ लयीत रागाचा सविस्तर विस्तार, आणि बैठकीचा खरा गाभा तोच असतो. म्हणून येत्या हंगामात वारणानगर-कोडोली परिसरातील वाचकांनी तीन गोष्टी आवर्जून कराव्यात: देवल क्लबसारख्या संस्थेचे सभासद व्हावे, तंबोरे लागण्याआधी जागेवर पोहोचावे, आणि आपल्या गावच्या जत्रा समितीत हलगीवादकांची व तमाशा कलावंतांची बिदागी वेळेवर आणि पूर्ण देण्याचा ठराव मांडावा.