जुना ट्रॅक्टर : ६ व्होल्ट की १२?

जुना ट्रॅक्टर घरी आला की बॅटरी जोडायची घाई करू नका. आधी टेहळणी, मग कारवाई.

अमेरिकेतला फोर्ड ८एन घ्या, १९४७ ते १९५२ मधला. कारखान्यातून तो ६ व्होल्टचा निघे आणि बॅटरीचे प्लस टोक अर्थला असे. पुढे अनेक मालकांनी डायनामो काढून अल्टरनेटर बसवला, १२ व्होल्ट केले. म्हणून नुसत्या मॉडेलवर विसंबू नका.

बॅटरीची झाकणे मोजा. एका सेलचे २ व्होल्ट. तीन झाकणे म्हणजे ६, सहा म्हणजे १२. सीलबंद असेल तर मल्टिमीटर लावा : पूर्ण चार्ज बॅटरी सुमारे ६.३ किंवा १२.६ दाखवते.

पण बॅटरी कुणीही बदललेली असू शकते. डायनामोची पट्टी, कॉइल आणि बल्ब यांवरचे आकडेही वाचा. सगळ्यांची साक्ष जुळली पाहिजे.

शेवटी, ट्रॅक्टरच्या अंगाला जाणारी जाड केबल कोणत्या टोकाची, ते पाहा. अल्टरनेटर असेल तर सहसा मायनस अर्थला असते.

६ च्या वायरिंगला १२ दिले तर बल्ब उडतात, कॉइल तापून जळते. टोके उलटी लागली तर अल्टरनेटरचे डायोड क्षणात जातात. पाच मिनिटांची तपासणी त्यापेक्षा स्वस्त.