आधी घड्याळ, मग संगणक

खांदा कॉलनीतून तळोजा औद्योगिक वसाहतीत जाऊन छोटे वर्कशॉप चालविणाऱ्या वाचकांसाठी आम्ही एक हिशेब मांडतो. समजा, कटिंग मशीन तासाला ६० जॉब कापते, ड्रिलिंग २० च करते. दोन्ही आठ तास चालविल्यास ३२० जॉब पडून राहतात आणि तेवढे भांडवल अडकते. टोयोटा कंपनीत ताईची ओनो यांनी नियम घातला, की पुढच्या विभागाची चिठ्ठी आल्याखेरीज मागच्याने माल करायचा नाही. हीच ‘कानबान’ पद्धत. कोणते काम कोणत्या मशीनवर केव्हा लावावे, हे सॉफ्टवेअर झटपट सांगते. पण मशीनचा वेग व सेटिंगचा वेळ आपणच भरतो. तो अंदाजाने भरला, तर वेळापत्रकही फसते. म्हणून खरेदीपूर्वी आठवडाभर घड्याळ लावून नोंदी ठेवाव्यात, असे आम्ही सुचवितो.