गर्भाशयाचा कर्करोग : शस्त्रक्रियेनंतर काय?

‘पिशवी काढली, गांठ गेली, आतां हा शेक आणि हीं औषधें आणखी कशाला?’ असा प्रश्न शस्त्रक्रिया होऊन बाई घरीं आली कीं पुष्कळ कुटुंबांत विचारला जातो. प्रश्न गैर नाहीं. उत्तर मात्र प्रत्येक रुग्णास निराळें मिळतें, आणि तें कां निराळें असतें एवढेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम एक घोटाळा दूर करूं. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग व आंतील अस्तराचा कर्करोग हे दोन भिन्न रोग होत. पहिला बहुतांशीं एका विषाणूमुळें होतो व आपल्या देशांत अधिक आढळतो. आजचें बोलणें दुसऱ्याविषयीं आहे. हा बहुधा पाळी बंद झाल्यानंतरच्या वयांत होतो, आणि पाळी गेल्यावर पुन्हां रक्त दिसणें हें त्याचें ठळक लक्षण होय. रोग असा आपण होऊन वर्दी देतो, म्हणून लवकर कळूं शकतो. परंतु बाई संकोचानें बोलत नाहीं, आणि ‘उष्णता झाली असेल’ म्हणतां म्हणतां चार महिने निघून जातात.

शस्त्रक्रियेंत गर्भाशय, बीजवाहिन्या व बहुधा दोन्ही बीजकोश काढतात. गरजेप्रमाणें जवळच्या लसिकाग्रंथि तपासतात. काढलेला भाग प्रयोगशाळेंत जातो, आणि खरा निर्णय तेथून येतो. रोग स्नायूंत अर्ध्याहून अधिक खोल शिरला आहे काय, पेशी कितपत उग्र आहेत, सूक्ष्म वाहिन्यांत त्या दिसल्या काय, ग्रंथि स्वच्छ आहेत काय, यांवर पुढचें बरेंचसें ठरतें. खोली अल्प व पेशी सौम्य असल्यास शस्त्रक्रियाच पुरे होते. अशा बाईस शेक देणें म्हणजे निंदण झालेल्या वावरांत पुन्हां खुरपें चालवून उभ्या पिकाचीं मुळें दुखविणें होय.

मग शेक कोणासाठीं? येथें थोडें अंकगणित लागेल, आणि तें शिकविण्यांतच माझा जन्म गेला. हॉलंडांत मध्यम धोक्याच्या ७१४ स्त्रियांचे शस्त्रक्रियेनंतर दोन गट करून एकास ओटीपोटावर शेक दिला, दुसऱ्यास दिला नाहीं. निष्कर्ष २००० सालीं प्रसिद्ध झाले. पांच वर्षांत ओटीपोटाच्या भागांत रोग उलटण्याचें प्रमाण शेक घेतलेल्यांत शेंकडा ४ व न घेतलेल्यांत शेंकडा १४ भरलें. परंतु हयात राहिलेल्यांचें प्रमाण पहिल्या गटांत शेंकडा ८१ व दुसऱ्यांत ८५. हा फरक निव्वळ योगायोगाचाहि असूं शकतो. कोडें वाटेल, पण उकल सोपी आहे. अशा रुग्णांत रोग बहुधा योनिमार्गाच्या वरच्या टोकाशीं उलटतो, आणि पूर्वी शेक न घेतलेल्या बाईस तो त्या वेळीं दिल्यास पुष्कळदां गुण येतो.

तर मग त्या टोकासाठीं साऱ्या ओटीपोटास कां शेकावें? ४२७ स्त्रियांच्या दुसऱ्या परीक्षेचें उत्तर २०१० सालीं आलें. योनिमार्गांत नळी ठेवून आंतून दिलेला शेक तेथील रोग रोखण्यास बाहेरच्या शेकाइतकाच उपयोगी ठरला, आणि जुलाबांचा त्रास पुष्कळ कमी झाला. बाहेरचा शेक सुमारें पांच आठवडे, आठवड्यांतून पांच दिवस चालतो. आंतला थोड्याच बैठकींत संपतो. यंत्रानें असा शेक घेतलेली बाई अंगांत किरण घेऊन घरीं येत नाहीं, नातवंडांना जवळ घेण्यास मुळींच हरकत नाहीं. हें मुद्दाम सांगतों, कारण तिचें ताट-तांब्या वेगळें मांडणारीं घरें अजून आहेत.

शेक ठराविक जागीं काम करतो. किमोचें औषध रक्ताबरोबर सर्वत्र जातें. कार्बोप्लॅटिन व पॅक्लिटॅक्सेल ही नेहमींची जोडी : पहिलें प्लॅटिनम धातूपासून केलेलें, दुसरें मूळचें यू नांवाच्या वृक्षाच्या सालींत सांपडलेलें. आरंभींच्या सौम्य रोगांत तिची गरज नसते. अधिक धोक्याच्या ६६० स्त्रियांच्या तिसऱ्या परीक्षेंत, शेकाबरोबर किमो घेतलेल्यांपैकीं पांच वर्षांनीं शेंकडा ८१ हयात होत्या, नुसता शेक घेतलेल्यांपैकीं ७६. लाभ मुख्यतः गर्भाशयाबाहेर पोंचलेल्या किंवा सीरस नांवाच्या उग्र जातीच्या रोगांत दिसला. पेशींतील पी-५३ जनुक बिघडलेलें असल्यास औषधाचा उपयोग अधिक. उलट पोल जनुकांत विशिष्ट बदल असलेला रोग दिसण्यांत उग्र असूनहि क्वचितच उलटतो. ही तपासणी झाली काय, हें डॉक्टरांस अवश्य विचारावें.

औषधानें गेलेले केस बहुधा परत येतात. बोटांच्या मुंग्या मात्र कधीं कधीं रेंगाळतात. या काळांत ताप आल्यास सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें, कारण रक्तांतील पांढऱ्या पेशी तेव्हां घटलेल्या असूं शकतात.

१९४१ सालीं मुंबईस टाटा रुग्णालय उघडलें, तेव्हां नागपूरच्या रुग्णास तो लांबचा प्रवास करावा लागे. आज कर्करोगानेंच १९६८ सालीं निधन पावलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नांवाचें कर्करोग रुग्णालय आपल्या शहरांत आहे, आणि जामठ्यास राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेंत कर्करोगाचे उपचार येतात. लागणारीं कागदपत्रें आधींच विचारून घ्यावींत.

उपचार संपल्यावर पहिलीं दोन-तीन वर्षें दर तीन ते सहा महिन्यांनीं तपासणीस जावें लागतें. रोग उलटावयाचा असल्यास बहुधा याच काळांत उलटतो. मध्येंच रक्त दिसलें तर पुढच्या तारखेची वाट पाहूं नये.