विष जखडणारा कोळसा

चेन्नईच्या क्रोमपेट उपनगराला नाव मिळाले ते तेथील जुन्या क्रोम लेदर कंपनीवरून. कातडी कमावण्यासाठी लागणाऱ्या क्रोमियमने या परिसराला वैभव दिले, तसा जमिनीवर भारही टाकला. शहरापासून सुमारे १०० किलोमीटरवरील राणीपेट येथे क्रोमेट रसायनांचा कारखाना १९९० च्या दशकात बंद पडला, तेव्हा मागे दीड लाख टनांहून अधिक क्रोमियमयुक्त कचरा उरला.

धातू कुजत नाही, जळतही नाही. मग उपाय कोणता? भाताचे तूस, नारळाची करवंटी किंवा तमिळनाडूत अमाप माजलेली वेडी बाभूळ अत्यल्प हवेत ३५० ते ७०० अंश सेल्सिअसला तापविली, की सच्छिद्र जैवकोळसा, म्हणजेच बायोचार, तयार होतो. शिसे व कॅडमियम त्याला चिकटून राहतात. पाण्याबरोबर सहज पसरणारे, कर्करोगकारक षट्संयुजी क्रोमियम त्याच्या सान्निध्यात पुष्कळ कमी घातक अशा त्रिसंयुजी रूपात बदलू लागते. मात्र धातू मातीतून नाहीसा होत नाही, केवळ जखडला जातो. आर्सेनिकयुक्त मातीत तर हाच कोळसा ते विष मोकळे करू शकतो! त्यामुळे मातीचे परीक्षण केल्यावाचून तो मिसळणे धोक्याचे, आणि मिसळल्यानंतरही आसपासच्या विहिरींचे पाणी वर्षानुवर्षे तपासत राहावे लागते.