साथ आणि सरकार : चार तासांची मुदत

हाफकिनच्या प्लेगवरच्या लसीवर या आठवड्यात लिहायचे ठरले होते. ते पुढे ढकलतो आहे, कारण इचलकरंजीहून आलेल्या एका पत्राने मला दुसरे काही सुचू दिले नाही. पत्रलेखक यंत्रमागाच्या धंद्यातले आहेत. ते लिहितात, १८९७ च्या प्लेगात रँडसाहेबाने पुण्यात काय केले यावर तुम्ही दोन लेख खर्ची घातलेत, सोजिरांच्या घरझडत्या सांगितल्यात, त्यावर संतापलातही. मग २०२० चा लॉकडाउन योग्य होता की अयोग्य? हो किंवा नाही, एका शब्दात सांगा.

सांगतो, पण मला त्यात दोन प्रश्न दिसतात. बंद करावे का, हा पहिला. कसे करावे, हा दुसरा. पहिल्याचे माझे उत्तर ‘हो’ आहे आणि दुसऱ्याचे ‘नाही’.

पहिल्यावर फार शाई घालवत नाही. जानेवारी २०२० मध्ये कोरोना विषाणूची चाचणी करणारी देशातली प्रयोगशाळा एकच होती, पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था (एनआयव्ही). मेअखेर अशा प्रयोगशाळा सहाशेच्या वर गेल्या. डॉक्टर-परिचारिकांना लागणारे पीपीई किट वर्षाच्या सुरुवातीला आपल्याकडे जवळजवळ तयारच होत नव्हते. मेमध्ये रोज दोन लाखांहून अधिक होऊ लागले. आजार कसा पसरतो, कोणते औषध चालते, कोणाला व्हेंटिलेटरवर घ्यायचे, हे सगळे त्या आठवड्यांत शिकले जात होते. तेवढा वेळ विकत घेणे मला रास्त वाटते. या वादात कोणीतरी स्वीडन काढतोच. पहिल्या वर्षी तिथे लोकसंख्येच्या मानाने नॉर्वे-फिनलंडपेक्षा पुष्कळ जास्त माणसे गेली; सगळी वर्षे मिळून नेहमीपेक्षा जास्त झालेले मृत्यू मोजले तर स्वीडन युरोपात खालच्या रांगेत बसतो. दोन्ही बाजू त्यातून हवे ते उचलतात. पण ज्या देशात असंख्य माणसे एकेकटी घर करून राहतात आणि आजारपणात पगार चालू राहतो, त्या देशावरून भिवंडीतल्या यंत्रमाग कामगारांच्या खोलीचा निवाडा करता येत नाही.

आता दुसरा प्रश्न. माझा जीव त्यातच अडकला आहे.

सगळ्यांच्या लक्षात २४ मार्चची रात्र आहे. आठ वाजता पंतप्रधानांचे भाषण, बारा वाजल्यापासून देश बंद, एकवीस दिवस. मधले चार तास. पण दार त्याआधीच लागले होते, हे आपण विसरतो. २२ मार्चला, जनता कर्फ्यूच्याच दिवशी, रेल्वेने सगळ्या प्रवासी गाड्या रद्द केल्या आणि त्या रात्रीपासून मुंबईची लोकलही थांबली. २३ तारखेला राज्यात संचारबंदी लागली, जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. त्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांत कुर्ल्याच्या टिळक टर्मिनसवर आणि पुणे स्टेशनात उत्तरेकडे जाणाऱ्यांची गर्दी उसळली होती. ज्यांना वारा समजला ते निघाले. ज्यांचा आठवड्याचा पगार व्हायचा होता ते थांबले, आणि अडकले.

यंत्रमागाच्या गावात अडकणे म्हणजे काय, हे इचलकरंजीच्या वाचकांना मी सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. माग बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालतात. कामगारांची खोलीही तशीच चालते : दिवसपाळीचे कामावर गेले की रात्रपाळीचे येऊन त्याच जागेवर पडतात. खोली दहा जणांची असली तर एका वेळी तिथे पाचच असतात. माग थांबले आणि दोन्ही पाळ्या एकाच वेळी त्या खोलीत कोंबल्या गेल्या. अंतर राखा म्हणून काढलेल्या आदेशाने अंतर निम्मे केले. भिवंडीत हे कामगार भिशीत, म्हणजे महिन्याच्या हिशेबाने चालणाऱ्या खानावळीत जेवतात. माग बंद तर पगार बंद, पगार बंद तर भिशीचे पैसे थकले. रेशनकार्ड गावाकडे, बिहारात नाहीतर उत्तर प्रदेशात. शिवभोजन थाळी पाच रुपयांवर आणली गेली ती मार्चच्या शेवटी. मालकांनी पूर्ण वेतन द्यावे आणि घरमालकांनी महिनाभर भाड्याचा तगादा लावू नये, असा केंद्राचा आदेश २९ मार्चचा. त्यातला वेतनाचा भाग १८ मेपासून मागे घेतला गेला. बंदी आधी आणि भाकरी मागून, हा क्रमच मला मान्य नाही.

पण दुसऱ्या बाजूचे सर्वांत भक्कम म्हणणे ऐकल्याशिवाय निकाल देणे बरे नव्हे. ते म्हणणे असे : मुदत दिली की लोक पळतात, आणि पळणाऱ्यांबरोबर रोग पळतो. नियमित वाचकांना १८९६ ची मुंबई आठवत असेल. सप्टेंबरात मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरात पालिका आयुक्त स्नो यांनी रुग्णांना सक्तीने इस्पितळात नेण्याचा हुकूम काढला, महिनाअखेरीस गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला, आणि फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मी मुंबई रिकामी झाली. कल्याणला गाड्या थांबवून प्रवासी तपासले जात होते, तरी प्लेग घाट चढून पुण्याला पोचलाच. आपल्या काळातला दाखला इटलीचा. ७ मार्च २०२० च्या संध्याकाळी लोम्बार्डी बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा सहीपूर्वीच वृत्तपत्रांच्या हाती लागला. त्या रात्री मिलानच्या स्टेशनांवर दक्षिणेकडच्या गाड्यांसाठी झुंबड उडाली. दोनच दिवसांत सगळा देश बंद करावा लागला. दिल्लीत बसून निर्णय घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हे ताजे चित्र असणार, आणि ते त्याने मनावर घेतले असेल तर त्यात गैर काही नाही.

तरीही हे म्हणणे आपल्याकडे लागू पडत नाही. का, ते आकड्यांतून दिसते. २४ मार्चपर्यंत देशात नोंदलेले रुग्ण पाचशेच्या आसपास होते. चाचण्या थोड्या होत्या, खरा आकडा मोठा असणार, हे धरूनही साथ तेव्हा अगदी कोवळी होती. श्रमिक विशेष गाड्या सुरू झाल्या १ मेला. त्या दिवसापर्यंत नोंदलेले रुग्ण पस्तीस हजारांच्या घरात गेले होते, आणि त्यांतला फार मोठा वाटा मुंबईचा. म्हणजे ज्या माणसाला मार्चमध्ये, तो निरोगी असण्याची शक्यता खूप जास्त असताना, आपण गावी जाऊ दिले नाही, त्यालाच साथ पेटलेल्या शहरात, भरलेल्या खोलीत पाच-सहा आठवडे ठेवले आणि मग गावी पाठवले. अशा ४,६००हून अधिक गाड्यांतून ६३ लाख माणसे गेली. प्रवास टळला नाही, वाईट वेळेवर गेला.

परिणाम आपल्याच जिल्ह्यांत बघा. गडचिरोलीत मेच्या मध्यापर्यंत एकही बाधित नव्हता. पहिले सापडले ते मुंबईहून परतलेले. रत्नागिरी-सिंधुदुर्गात एप्रिलअखेर बाधित बोटांवर मोजण्याइतके होते. मेमध्ये चाकरमानी पोचू लागले आणि आकडे चढले. कोकणात गावांनी रस्त्यावर झाडे आडवी टाकली, चर खणले. ज्या माणसाच्या पैशावर देऊळ दुरुस्त झाले त्यालाच गावाने वेशीवर अडवले. ती कटुता काही वाड्यांत अजून गेलेली नाही. दोष चाकरमान्याचा नव्हता, गावाचाही नव्हता. दोघांची भेट चुकीच्या महिन्यात घडवून आणली गेली.

आणि जे थांबलेच नाहीत, पायी निघाले? जालन्याच्या स्टील कारखान्यातले मजूर भुसावळच्या दिशेने रुळावरून चालत निघाले होते. तिथून मध्य प्रदेशात जाणारी गाडी मिळेल अशी त्यांना आशा होती. करमाडजवळ थकून रुळांवरच झोपले. गाड्या बंद आहेत असे त्यांनी धरले होते. मालगाड्या चालू होत्या. ८ मेच्या पहाटे सोळा जण गेले. करमाडचे नाव निघाले की लॉकडाउनच्या यशाची कोणतीही आकडेवारी माझ्या कानांत शिरत नाही.

याहून वेगळे काही जमले असते का? जमले असते, आणि पुरावा घरचाच आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांवर बीड-नगरचे लाखाहून अधिक ऊसतोड कामगार अडकले होते. १७ एप्रिलला सरकारने त्यांना घरी जाऊ दिले. कारखान्याने यादी करायची, आरोग्य तपासणी करायची, कोणत्या गावात किती माणसे जाणार ते आधी कळवायचे, मग वाहने सोडायची. श्रमिक गाड्यांच्या दोन आठवडे आधी हे झाले. म्हणजे यादी, तपासणी, वाहन, गावाला आगाऊ निरोप ही कामे आपल्या प्रशासनाला येत होती. उसाच्या फडातला माणूस मोजला गेला, कारण त्याचा मुकादम आणि कारखाना दोन्ही ठाऊक होते. भिवंडीतला माणूस कोणाच्याच यादीत नव्हता.

इतर देशांनी दिलेली मुदतही सांगून ठेवतो. वुहानमध्ये रात्री दोनला घोषणा, सकाळी दहाला बंद : आठ तास. न्यूझीलंडने कडकडीत बंदाआधी अठ्ठेचाळीस तास दिले, लोकांनी घर गाठावे म्हणून. दक्षिण आफ्रिकेने, जिथे खाणी आणि शहरे आपल्यासारखीच दूरच्या मजुरांवर चालतात, २३ मार्चला घोषणा करून २६ च्या मध्यरात्री दार लावले. आपल्याला पाच-सहा दिवस लागले असते. गाड्या वाढवून, डब्यात माणसे कमी बसवून, उतरल्यावर गावच्या शाळेत चौदा दिवस ठेवून. त्या गाड्यांतून काही बाधित गेलेच असते. पण मेमध्ये गेले त्याहून कितीतरी कमी, आणि वाटेत मेलेले कोणी नसते.

१८९७ शी याचे नाते कायद्यातून येते. २०२० चा देशव्यापी आदेश आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली निघाला, पण महाराष्ट्राचे नियम निघाले ते ४ फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याखालीच. रँडच्या हाती होता तोच. मूळ चार कलमांचा हा कायदा सरकारला हवे ते उपाय योजू देतो, मोडणाऱ्याला शिक्षा देतो, आणि सद्हेतूने वागणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण देतो. भरपाई द्यावीच असे तो म्हणत नाही. दिली तर खर्च कोणी करायचा, एवढेच सरकारला ठरवू देतो. किती मुदत द्यावी, बंद किती दिवसांनी तपासावा, अडकलेल्याचे पोट कोणी भरावे, यावर तो गप्प आहे. एप्रिल २०२० मध्ये दुरुस्ती झाली ती आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांसाठी. ती आवश्यकच होती. मुदतीचे कलम मात्र तेव्हाही आले नाही. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये या कायद्याचा सविस्तर आढावा घेऊन अहवाल दिला आहे. त्यावर विधिमंडळात आणि संसदेत मुदतीचा आग्रह धरला गेला पाहिजे.

शाळा इतका काळ बंद ठेवल्या तो प्रश्न पत्रात शेवटी होता. त्यावर माझे मत फार कडवट आहे आणि त्याला स्वतंत्र लेख लागेल.

तोवर एक विनंती. त्या उन्हाळ्यात गावोगावच्या शाळांत विलगीकरणाच्या वह्या ठेवल्या गेल्या : कोण आले, कुठून, कोणत्या तारखेला, कशाने. ग्रामसेवक, पोलीस पाटील, आशाताई, अंगणवाडीताई यांनी त्या भरल्या. वर मी जे मांडले ते खरे की खोटे, याचा निवाडा त्या तारखा करतील. ग्रामपंचायतीच्या कपाटात अशी वही असेल तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. नावे झाकून, फक्त तारखा आणि शहरे उतरवून मला पाठवा. हाफकिन पुढच्या आठवड्यात.